विहिरीत उरलेला गारवा

चुंबकावर चालणारं जनित्र घरात आणायचं की नाही, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी आमच्या मुलाच्या, तन्मयच्या, कॅनडाला जाण्यावरूनही झाली नव्हती. मी सोलापुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवून म्हातारी झालेली बाई. आमचे हे, म्हणजे दिगंबर क्षीरसागर, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आणि जाहिरातीत येईल ते खरं मानणारे. बारा घरांची आमची शिक्षक सोसायटी, उन्हाळ्यात दिवसातून तीनदा वीज जायची. त्यामुळे 'चिरगती' कंपनीचा माणूस चकचकीत बॅग घेऊन दारात आला, तेव्हा यांनी त्याला आधी पाणी आणि मग चहा दिला. मी समजले, हे गेले कामातून.

इंगळे त्याचं नाव. पोट सुटलेला, गोड बोलणारा गृहस्थ. त्याने खिशातून दोन चुंबक काढून टीपॉयवर ठेवले आणि मला विचारलं, "बाई, उत्तर ध्रुवासमोर उत्तर ध्रुव आणला तर काय होतं?"

मला विचारतोय! मी म्हटलं, "दूर ढकलतो."

"बरोब्बर! आता असे चुंबक चाकावर तिरपे बसवायचे, भोवती दुसरे बसवायचे. हा त्याला ढकलणार, तो पुढच्याला ढकलणार. चाक फिरतच राहणार. चाकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबक हलला की तारेत वीज, हे तर तुम्हीच शिकवता. तेल नाही, कोळसा नाही, ऊन नसलं तरी चालतं. एकदा बसवा, नातवंडं वापरतील."

"आणि एका चुंबकाने ढकललेला दुसऱ्याजवळ गेला की तो त्याला अडवतो, ते कोण सांगणार?" मी म्हटलं. "उतारावर सायकल जेवढी पळते तेवढीच चढावर दमते. गोल रस्त्यावर नुसता उतार कुठे असतो का? चुंबकाच्या ढकलण्यातून वीज काढत राहिलात तर चाक चार गिरक्या घेऊन गप्प बसेल. फुकट काही मिळत नसतं."

"अगं, जरा ऐकून तर घे त्यांचं," हे म्हणाले.

यंत्र आलं. कपाटाएवढा करडा डबा, चारही बाजूंनी सील केलेला. वर गच्चीवर एक काळी टाकी बसवली, ती म्हणे 'सुरुवातीचा धक्का' द्यायला. आणि डब्यातून एक जाड पाइप निघाला, तो गार जमिनीत किंवा पाण्यात सोडायचा. "हा कशाला?" मी विचारलं. "अर्थिंगसारखं समजा, बाई," इंगळे म्हणाला. झालं! अर्थिंग म्हटल्यावर आमच्याकडे पुढचं कोणी विचारत नाही. खड्डा खणायचा, मीठ-कोळसा घालायचा, उन्हाळ्यात तांब्याभर पाणी ओतायचं, आणि शक्य असेल तर शेजाऱ्याच्याच खड्ड्यात आपलीही पट्टी सोडून द्यायची, ही आमची रीत. सोसायटीच्या मधोमध जुनी दगडी विहीर होती, कधी न आटणारी. यांनी पाइप विहिरीत सोडला. सहा महिन्यांत बाराही घरांनी यंत्रं घेतली आणि बाराही पाइप त्याच विहिरीत गेले.

आणि काय सांगू, यंत्र चाललं! नुसतं चाललं नाही, थांबेचना. पंखे, फ्रीज, एसी, सगळं रात्रंदिवस. हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन डब्यासमोर उभे राहायचे आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे, "चार गिरक्या झाल्या का गं?" तीन वर्षं हा माणूस मला त्या चार गिरक्यांवरून छळत होता. मी डबा उघडून बघणार होते. सील तोडलं तर हमी जाते म्हणून हे उघडू द्यायचे नाहीत.

मग गेल्या श्रावणात एका दुपारी हे वर्तमानपत्र वाचता वाचता गेले. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर मान एका बाजूला, चष्मा नाकावर. डॉक्टर आले, दाखला दिला. तन्मयला फोन लावला. एकुलता एक मुलगा, हॅलिफॅक्सला. तो मोठ्याने रडला, आणि मग म्हणाला, "आई, मी आल्याशिवाय काही करू नकोस. अग्नी मीच देणार."

आता हे पूर्वीही व्हायचं. परदेशातला मुलगा येईपर्यंत एक दिवस, दोन दिवस शीतपेटी भाड्याने आणायची. काचेचं झाकण असलेली लांब पेटी, आत माणूस. वीज गेली की सगळे घाबरे व्हायचे, बर्फ शोधत पळायचे, म्हणून सगळं लवकर उरकायचं. चिरगती आल्यावर वीज जाणंच बंद झालं आणि दिवसांचे महिने झाले. पेट्याही अशा आल्या की आतला माणूस वर्षभर तसाच राहावा. महापालिका तीन-तीन महिन्यांची परवानगी द्यायला लागली. कोणाचा मुलगा यायचा असतो, कोणाची वाटणी व्हायची असते, कोणाला नुसतंच धैर्य होत नाही. आमच्या भागातल्या कितीतरी हॉलमध्ये सोफ्याशेजारी अशी पेटी घुमत असते. पाहुणे येतात, पेटीला हात जोडतात आणि चहा पितात.

तन्मय त्या आठवड्यात आला नाही. तिथून एकदा बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नाही, असा काहीतरी नवा नियम. "पुढच्या महिन्यात कागद होतील, आई." मग पुढच्या महिन्यात. मग दिवाळीनंतर.

पण तो दर रविवारी फोन करायला लागला.

हे नीट सांगते, कारण लपवून काय करू? हे जिवंत असताना पोराचा फोन महिना-दीड महिन्याने यायचा, तोही "आई, घाईत आहे" असा. आता दर रविवारी संध्याकाळी, त्याच्या सकाळी, न चुकता. पडद्यावर त्याचा चेहरा यायचा, मी फोन पेटीच्या काचेवर धरायची आणि तो अर्धा-अर्धा तास बापाकडे बघत बसायचा. मध्येच म्हणायचा, "दाढी वाढल्यासारखी वाटते ना?" मी म्हणायची, "नाही रे, तशीच आहे." घरात माणसाचा आवाज यायचा तो तेवढाच. पेटी बंद झाली तर हा फोनही बंद होईल हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. म्हणून मी परवानगी वाढवत गेले. लोक म्हणायचे, बाईंना नवऱ्याला सोडवत नाही. नवऱ्याचं मी काय ते बघून घेतलं असतं. मला पोराला सोडवत नव्हतं.

बाकी मला काही वाटत नव्हतं. रडू आलं नाही. सकाळी उठायचं, पेटीवरचा आकडा बघायचा, उणे अठरा, आणि दिवस ढकलायचा. दात काढताना सुई देतात, मग आपलाच ओठ दुसऱ्याचा वाटतो ना, तसं सगळं अंग.

गंमत बाकीच्यांची झाली. घरात प्रेत असेपर्यंत चूल पेटवायची नाही, शेजारच्यांनी पिठलं-भात आणून द्यायचा, हा आपल्याकडचा रिवाज. एक दिवसासाठी केलेला! शेजारच्या महानंदा बिराजदारने पहिल्या दिवशी पिठलं-भात आणला, दुसऱ्या दिवशी आणला, आणि मग कुठे थांबायचं हे तिलाही कळेना आणि मलाही. धर्माधिकारी गुरुजींना विचारलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "सुतक दहनानंतर धरायचं. दहन नाही तर सुतक नाही. पण सुतक नाही म्हणावं तर प्रेत घरात आहे. बाई, शास्त्रात वीज जाते असं गृहीत धरलेलं आहे." संक्रांतीला मला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर बायकांची बैठक झाली म्हणे. मंगळसूत्र गळ्यात, नवरा घरात, आणि तरी. शेवटी वाण माझ्या दारात ठेवून बेल वाजवून पळून गेल्या. मी हसले असते पूर्वी.

महानंदा मात्र डबा आणत राहिली. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कधी गव्हाची गोड हुग्गी. दारातूनच द्यायची. "खावा बाई जरा, बरगड्या मोजता येतील आता," म्हणायची. मी अर्धं खायची.

वैशाख लागला आणि पंखे मंदावले. आधी वाटलं भास. मग बिराजदारांच्या घरी एसी बंद पडला, मग कोपऱ्यावरच्या घरी. बाराही यंत्रं एकाच वेळी कुरकुरायला लागली. पेटीवरचा आकडा उणे चौदा झाला, मग उणे अकरा. एका सकाळी मी आंघोळीला विहिरीचं पाणी बादलीत घेतलं आणि हात आत घातला. पाणी कोमट होतं. गीझर न लावता. आमच्या विहिरीचं पाणी वैशाखातही अंगावर शहारा आणणारं असायचं.

मी बादलीत हात तसाच ठेवून बसले. मग उठून तापमापी आणली. पूर्वी कधीतरी मुलांना दाखवायला म्हणून मोजलं होतं तेव्हा पंचवीस अंश होतं. आता तेहतीस.

इंगळेला फोन केला. तो आला तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हर घेऊनच बसले होते. "हमी-बिमी मला सांगू नको," मी म्हटलं. "ज्याला हमी दिलीस तो तिथे निजलाय. उघड."

त्याने उघडलं. आत चाकच नव्हतं!

"चाक कुठंय रे?"

"चाक नसतंच, बाई," तो खाली बघत म्हणाला.

आत करड्या धातूच्या पातळ पट्ट्यांची चळत होती, दोन्ही बाजूंना मोठे चुंबक, भोवती तांब्याच्या तारेची जाडजूड वेटोळी. दोन नळ्या त्या चळतीत शिरत होत्या. एक वरच्या काळ्या टाकीतून, एक विहिरीतून. मधली झडप टिकटिकत होती. मला एका मिनिटात समजलं आणि इतकी वर्षं न समजल्याचा राग आला. लोखंड फार तापवलं की त्याचा चुंबकपणा जातो, हे दहावीच्या पोरालाही ठाऊक असतं. लोखंडाला त्यासाठी भट्टी लागते. पण या कंपनीने असा मिश्रधातू शोधला होता की ज्याचा चुंबकपणा तिशीच्या जरा वरच जातो आणि जरा खाली आला की परत येतो. गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी पट्ट्यांतून सोडलं की पट्ट्या झोपतात. विहिरीतलं गार पाणी फिरवलं की जाग्या होतात आणि बाजूच्या चुंबकाचं बळ स्वतःतून वाहू देतात. झोप, जाग, झोप, जाग. दर वेळी तारेच्या वेटोळ्यातलं चुंबकीय बळ बदलतं, आणि ते बदललं की वीज.

म्हणजे वीज चुंबक देतच नव्हता. गरम पाण्यातली उष्णता गार पाण्याकडे जात होती आणि चुंबक मध्ये बसून दलाली खात होता. दलालाच्या घरचं काही जात नाही, पण दोन पार्ट्या तर लागतात! गच्चीवर ऊन होतं, ते आमच्याकडे कमी नाही. संपत आला होता तो विहिरीतला गारवा. अर्थिंग समजून बारा घरांनी बारा पाइप विहिरीत सोडले आणि साडेतीन वर्षं रात्रंदिवस तिच्यात उष्णता ओतली. पाणी तिशीच्या वर गेलं तर पट्ट्यांना जाग येणार कशाने?

"मग चाक, उत्तर ध्रुव, हे कशाला सांगत फिरलास?"

इंगळेने कपाळ पुसलं. "बाई, उष्णतेच्या फरकावर चालतं म्हटलं की गिऱ्हाईक विचारतं, फरक संपला तर? चुंबक म्हटलं की कोणी काही विचारत नाही. तुम्ही एकट्याच विचारलंत."

"आता?"

"पावसाळ्यात थोडी गार होईल विहीर. पण दर साली कमीच. ज्याला हवंय त्याने स्वतःचा खोल बोअर घ्यायचा. तीनशे फूट खाली गारच असतं. मग दहा वर्षं बघायला नको."

तो गेल्यावर मी पेटीजवळ गेले. म्हटलं, "ऐकलंत का? चाक नाहीये आत. चार गिरक्याही नाहीत." हे चष्म्याशिवाय फार भोळे दिसतात. तीन वर्षं भांडून मी जिंकले आणि जिंकल्याचं सांगायला समोर हे असे. मला त्यांचा राग आला. मग तोही गेला.

दोन दिवसांनी विहिरीजवळ सोसायटीची बैठक झाली. मी सगळं समजावून सांगितलं, फळा नसला तरी हातवारे करून. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग कोणी माझ्याकडे बघेना. पंखे, दिवे सगळ्यांचेच. पण चोवीस तास, बारा महिने, न थांबता खाणारी पेटी एकच होती. महानंदाचे यजमान, बिराजदार अण्णा, घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, म्हणजे आता जो काही गारवा उरलाय त्यातला..." आणि थांबले.

महानंदाने पुरं केलं. ती माझ्याजवळ आली, माझा हात धरला. "बाई, राग धरू नका. नातीचं सगळं अंग घामोळ्यानं लाल झालंय, रातभर रडते. सासूबाईला धाप लागते. जित्यांना वारा नाही ओ." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने नऊ महिने मला जेवू घातलं होतं. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. मी बोअर घेते." सगळ्यांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला, जणू मी फार शहाणपणाचं काही बोलले.

तन्मय तर फोनवर खूश झाला. "घे ना आई! खर्च माझ्याकडे. दहा वर्षं म्हणाला का? मग काही घाईच नाही."

काही घाईच नाही. सोमवारी बोअरची गाडी यायची ठरली.

आणि रविवार आला. बोअर होईपर्यंत पेटीवर जाड गोधड्या घातल्या होत्या, आकडा खाली राहावा म्हणून. फोन वाजला तशा मी त्या बाजूला केल्या. काचेवर बाहेरून दव धरलं होतं, ते पुसायला मी पदर घेऊन वाकले. फोन मी समोरच्या खुर्चीवर टेकवून ठेवला होता. मला त्या दिवशी बरं नव्हतं, ताप होता थोडा. मी म्हटलंही, "तन्मय, आज जरा कणकण आहे रे मला."

तो म्हणाला, "आई, जरा बाजूला हो ना. बाबा दिसत नाहीयेत."

रागाने नाही, प्रेमानेच म्हणाला. मी बाजूला झाले. भिंतीला टेकून उभी राहिले. खोलीत दोन माणसं होती, त्यातला एक गेलेला होता, आणि पोरगा त्याच्याशी बोलत होता. मी अर्धा तास भिंतीला टेकून उभी होते. मग तो म्हणाला, "चल आई, पुढच्या रविवारी," आणि गेला.

सोमवारी सकाळी बोअरची गाडी आली. रस्ता अडवून उभी, तिच्यामागे सळ्यांचा ट्रक. मिस्त्री उतरून जागा विचारायला आला. मी गेट उघडलंच नाही.

"परत जा बाबा. नको मला."

"अवो बाई, एवढं लांबून आलो! हमखास पाणी लागंल हितं."

"पाणी नकोय. काहीच नकोय. जा."

तो बडबडत गेला. शेजारच्या खिडकीत महानंदा उभी होती. मी तिला म्हटलं, "अण्णांना सांग, बुधवारी खांदा द्यायला या."

तन्मयला मीच फोन लावला. तो झोपेत होता. मी सांगितल्यावर ताडकन उठला. "आई, थांब! आठ दिवस थांब फक्त. मी काहीतरी करतो."

"आठ दिवसांनी काय होणार आहे?"

"मला त्यांना बघायचंय."

"बघून झालं, तन्मय. नऊ महिने झाले बघतोयस."

"अग्नी मी द्यायचा होता! तुला काही वाटतच नाही का? दगड आहेस का तू?"

"असेन," मी म्हटलं. मला खरंच काही वाटत नव्हतं. त्याने फोन आपटला. म्हटलं, संपलं. आता रविवार नाही.

स्मशानातल्या माणसाने सांगितलं होतं, "बाई, थेट पेटीतून आणू नका. आतून गोठलेलं असतंय, लाकूड पुरत नाही. दीड-दोन दिवस बाहेर ठेवा." म्हणून सोमवारी संध्याकाळी मी पेटीची कळ दाबली. नऊ महिने घुमणारा आवाज थांबला. शेजारचा पंखा फिरत असल्याचं पहिल्यांदाच ऐकू आलं. आम्ही काच उचलली, मी आणि अण्णांनी, आणि यांना सतरंजीवर घेतलं. अण्णांनी जाताना दारात थांबून हात जोडले.

मंगळवारभर मी त्यांच्याजवळ बसले होते. वैशाखातलं ऊन खिडकीतून येत होतं. भुवयांवरचं पांढरं आधी गेलं. मग गालावरून थेंब ओघळले, मी टॉवेलने टिपत होते. दुपारपर्यंत बोटं वाकायला लागली. मी हात हातात घेतला. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं. माझ्या हातातून ती त्यांच्या हातात जात होती आणि तिथून परत येणार नव्हती. संध्याकाळी त्यांचा हात माझ्या हाताइतका झाला. क्षणभर मी फसले. पण ती ऊब खोलीची होती, त्यांची नव्हती. मी त्यांना सांगितलं, "तुमचं यंत्र चांगलं होतं हो. नुसतं खोटं सांगत होतं." एवढंच बोलले.

बुधवारी नेलं. अग्नी मी दिला. गुरुजींनी आधी मान हलवली, मग माझा चेहरा बघून पलिता माझ्या हातात दिला. लाकडं बेताचीच लागली. महानंदाने घरी आल्यावर स्वतःच्या हाताने माझ्या अंगावर पाणी घातलं. विहिरीचं. अजून कोमटच होतं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. हॉलमध्ये सोफ्याच्या शेजारी पेटीची जागा तेवढीच उरली, फरशीचा लांबट चौकोन, बाकीच्या फरशीपेक्षा पांढरा. पेटी कंपनीवाले घेऊन गेले. मी त्या चौकोनावरून चालत नव्हते, वळसा घालून जायची.

रविवारी संध्याकाळी मी मुद्दाम फोन आतल्या खोलीत ठेवला. म्हटलं, वाट बघायची नाही. भाजी निवडायला बसले. नेहमीची वेळ झाली. फोन वाजला.

मी आतल्या खोलीत जाऊन तो घेतला. तो पडद्यावर होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.  नऊ महिने आम्ही दोघं एकमेकांशी बोललोच नव्हतो, पेटीशी बोलत होतो.

मग तो म्हणाला, "आई, जिथे पेटी होती ना, तिथे फोन धर."

मी हॉलमध्ये गेले आणि धरला. तो बघत राहिला. मीही वरून बघत राहिले. पांढरी फरशी. तो रडायला लागला. किती तरी वेळ मी फोन धरून उभी होते, हात भरून आला. आणि अचानक माझं डोकं फिरलं. आजवर कुठे होता तो राग कोण जाणे, पायापासून चढला.

"फरशी काय बघतोयस मेल्या!" मी ओरडले. "फरशीत काय आहे? मला बघ! मी आहे ना अजून! मला बघ!"

मी फोन वळवला आणि तोंडासमोर धरला.  त्याचं रडणं थांबलं. तो पडद्याच्या जवळ आला. बराच वेळ नुसता बघत राहिला, जसं कोणी अनोळखी गावात पाटी वाचतं.

"आई," तो हळूच म्हणाला, "तुझे केस सगळे पांढरे झाले?"

"चार वर्षं झाली त्याला," मी म्हटलं.

  फोन त्याने ठेवला नाही.